अमेरिकेत जहाजाला राइट व्हेलच्या वेगमर्यादेची नोटीस आली तर: नोआचा प्रशासकीय न्यायाधीश काय तपासतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतून चालवल्या जाणाऱ्या एका बल्क कॅरिअरने फेब्रुवारीत चेसापीक उपसागराच्या मुखातून आत शिरताना राइट व्हेल या दुर्मिळ देवमाशासाठी घातलेली १० नॉटची (ताशी १० सागरी मैलांची) मर्यादा ओलांडली, अशी नोटीस सव्वा वर्षाने अमेरिकेच्या 'नोआ' या सागरी-हवामान संस्थेकडून आली. मालक, ऑपरेटर आणि कॅप्टन अशा तिघांवर मिळून दंड आहे. सुनावणी हवी असेल तर ती 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ जज'पुढे होईल, असं नोटिशीत लिहिलं आहे. हा न्यायाधीश खरा की खात्याचाच माणूस? लढावं की पैसे भरून मोकळं व्हावं? कॅप्टनच्या सर्टिफिकेटला धक्का बसतो का?

न्यायाधीशाच्या प्रश्नाकडे वळण्याआधी पाकिटावरची तारीख पाहा. नोटीस हातात पडल्यापासून ३० दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे भरायचे, दंड कमी किंवा रद्द करण्यासाठी बोलणी करायची किंवा लेखी सुनावणी मागायची. काहीच केलं नाही तर ३१व्या दिवशी तीच नोटीस खात्याचा अंतिम आदेश बनते आणि मग न्यायाधीश कितीही चांगला असला तरी तुमचं प्रकरण त्याच्यापर्यंत पोचत नाही. पाकीट स्थानिक एजंटकडून मालकाकडे, तिथून मॅनेजरकडे आणि मग पी अँड आय क्लबकडे, म्हणजे जहाजमालकांच्या विमा संस्थेकडे, फिरण्यात तीन आठवडे सहज जातात. म्हणून मुदतवाढ लगेच मागा, ३० दिवसांच्या आत आणि लेखी. नोआचे वकील आणखी ३० दिवसांपर्यंत वाढ देऊ शकतात. विनंती मिळाल्यापासून ४८ तासांत त्यांनी काही कळवलं नाही, तर ती नियमानुसार आपोआप मंजूर झालेली असते. विनंती पोचल्याची वेळ दाखवणारा कागद मात्र जपून ठेवा. बोलणी सुरू आहेत म्हणून मुदत थांबते, असा समज अनेकांचा असतो. ती थांबत नाही. बोलणी चालू ठेवूनच सुनावणीचा अर्ज टाकायचा.

आता न्यायाधीश. अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ जज, थोडक्यात एएलजे, हा अमेरिकी राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाखालचा न्यायाधीश नव्हे. तो कार्यकारी शाखेतला अधिकारी. पण आपल्याकडे खात्याचा अधिकारी म्हटल्यावर जे चित्र डोळ्यापुढे येतं तसाही तो नाही. १९४६च्या प्रशासकीय प्रक्रिया कायद्याने त्याला खटला चालवणाऱ्यांपासून वेगळं ठेवलं आहे. नोआच्या वकिलांना त्याच्याशी तुमच्या पाठीमागे प्रकरणावर बोलता येत नाही. त्याला काढायचं तर सबळ कारण लागतं आणि ते वेगळ्या मंडळापुढे सिद्ध करावं लागतं. समन्स, शपथेवर साक्ष, उलटतपासणी, लेखी निकाल हे सगळं त्याच्याकडे असतं. ज्यूरी नसते.

नोआच्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट आहे आणि ती समजली तर पुढचं बरंच उलगडतं. न्यायाधीश बाहेरून उसने घेतले जातात. आधी ते कोस्ट गार्डचे असत, म्हणजे समुद्रात तपासणीला जहाजावर चढणारं खातं आणि निकाल देणारा माणूस एकाच छपराखाली. न्यू इंग्लंडच्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं ओरड केल्यावर वाणिज्य खात्याच्या महानिरीक्षकांनी तपास केला आणि जानेवारी २०१०मध्ये अहवाल दिला. दंड ठरवण्यात एकवाक्यता नाही, देखरेख नाही, असं त्यात निघालं. दंडाच्या पैशातून चालणाऱ्या निधीच्या दुसऱ्या तपासात अंमलबजावणी विभागाकडे कर्मचाऱ्यांपेक्षा गाड्या जास्त असल्याचं दिसलं. कुंपणच शेत खातंय म्हणायला मच्छीमारांना आणखी काय हवं होतं! निवृत्त न्यायाधीश चार्ल्स स्वार्टवूड यांनी जुनी प्रकरणं पुन्हा तपासली आणि मे २०११मध्ये ११ तक्रारदारांना मिळून ६,४९,५२७ डॉलर परत करण्याचा आदेश निघाला. त्याच काळात नोआची प्रकरणं पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, एएलजेंकडे सोपवली गेली. तुमच्या प्रकरणातल्या पहिल्या आदेशाच्या शीर्षावर कोणत्या खात्याचं नाव आहे ते पाहा, न्यायाधीशाचा मुक्काम कुठे ते कळेल.

त्या गदारोळातून आलेला सर्वात उपयोगी बदल मात्र न्यायाधीशाच्या पत्त्याचा नाही. जून २०१०पर्यंत नोआने लावलेला दंड वाजवीच आहे असं गृहीत धरलं जाई. न्यायाधीशाला तो बदलायचा तर कारणं द्यावी लागत. ते गृहीतक नियमांतून काढलं गेलं. आता उल्लंघन झालं हेही नोआने सिद्ध करायचं आणि आकडा हाच का, हेही. पण ही सुरी दुधारी आहे. न्यायाधीश दंड नव्याने ठरवतो, म्हणजे तो नोटिशीतल्या आकड्यापेक्षा वरही जाऊ शकतो. 'मागून तर पाहू, वाईटात वाईट काय, आहे तोच दंड राहील' हे गणित चुकीचं आहे.

आपल्या किनाऱ्याशी तुलना करायची तर दिशा उलटी दिसते. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली १२ सागरी मैलांच्या आतली प्रकरणं आधी महसूल खात्याच्या तहसीलदाराकडे जात. २०२१च्या दुरुस्तीने ती मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांकडे आली. तहसीलदाराकडे घोंगडं भिजत पडायचं ही तक्रार खरी होती, पण पकडणारा आणि ठरवणारा एकाच विभागाचा, ही किंमत त्यासाठी मोजली गेली. अमेरिकेत त्याच किमतीवरून रान उठलं होतं.

नियमाचं बोलू. ६५ फूट, म्हणजे १९.८ मीटर, किंवा त्याहून लांब जहाजाने ठरलेल्या मोसमी क्षेत्रांत १० नॉट किंवा त्याहून कमी वेगाने जायचं. अमेरिकी बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या परदेशी ध्वजाच्या जहाजांनाही हे लागू आहे. नियम डिसेंबर २००८पासून अमलात आहे. उत्तर अटलांटिकमधले राइट व्हेल ४०० हूनही कमी उरले आहेत आणि जहाजाची धडक हे त्यांच्या मरणाचं एक मोठं कारण आहे. नॉरफोक, न्यूयॉर्क, डेलावेअरच्या मुखांभोवती २० सागरी मैलांच्या कमानी आहेत आणि तिथला हंगाम १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनपासून जॉर्जियातल्या ब्रन्सविकपर्यंत किनाऱ्यालगत २० मैलांचा सलग पट्टा आहे, मुदत तीच. त्याच्या दक्षिणेला फ्लोरिडापर्यंत १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, केप कॉड उपसागरात १ जानेवारी ते १५ मे, ग्रेट साउथ चॅनेलमध्ये १ एप्रिल ते ३१ जुलै. याखेरीज व्हेल दिसल्यावर काही दिवसांसाठी 'स्लो झोन' जाहीर होतात. ते ऐच्छिक असतात, त्यांच्यावरून दंड लागत नाही. नोटीस आली की आधी हेच ताडून पाहा: क्षेत्र मोसमी आहे ना, आणि तारीख हंगामातली आहे ना.

हा वेग जमिनीच्या तुलनेतला आहे, पाण्याच्या नव्हे. इथे अनुभवी अधिकारीही फसतात. इंजिन साडेनऊ नॉटवर लावून ठेवलं आणि उपसागरातून ओहोटी दोन नॉटने बाहेर काढत असली, तर बाहेर पडणारं जहाज साडेअकरा नॉटने चाललेलं असतं. इंजिनाचे आरपीएम दाखवून 'आम्ही तर मंदच होतो' असं सांगता येत नाही.

पुरावा बहुतेक वेळा एआयएसचाच, म्हणजे जहाजाचं स्थान आणि वेग रेडिओवरून आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेचाच, असतो. मोठ्या जहाजांवरचं क्लास ए यंत्र १४ नॉटपर्यंतच्या वेगाला दर १० सेकंदांनी स्थान आणि वेग प्रक्षेपित करतं आणि किनाऱ्यावरचे रिसीव्हर ते साठवतात. विश्लेषक क्षेत्राच्या सीमेवर तुमचा माग बसवतो, आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ काढतो, मधलं अंतर मोजतो. ६ मैल २७ मिनिटांत कापले असतील तर सरासरी १३.३ नॉट होते. म्हणून 'जीपीएस चुकीचा वेग दाखवत होता' हा बचाव टिकत नाही. दाखवलेला वेग बाजूला ठेवला तरी दोन स्थानांमधलं अंतर आणि वेळ तेच सांगतात. सगळीच स्थानं सारख्या प्रमाणात सरकली होती म्हटलं तर अंतर बदलत नाही. एआयएसवर खरोखर हल्ला करायचा असेल तर जागा दोनच: मागात मोठी पोकळी आहे का, आणि क्षेत्राची सीमा नीट बसवली आहे का. कमानीच्या अगदी कडेने गेलेल्या जहाजाला दुसरा मुद्दा कधी कधी उपयोगी पडतो. मध्यातून गेलेल्याला नाही.

पुराव्याचे न्यायालयीन नियम एएलजेपुढे तंतोतंत लागू होत नाहीत. ऐकीव पुरावा केवळ ऐकीव म्हणून बाद होत नाही, त्याचं वजन किती ते न्यायाधीश ठरवतो. सिद्धतेची पातळीही फौजदारी खटल्याची नाही. पारडं नोआच्या बाजूने जरासं जास्त झुकलं की पुरे. तांत्रिक हरकतींवर उभा केलेला बचाव इथे लवकर कोसळतो, तो यामुळेच.

'आम्हाला नियम माहीत नव्हता' हेही सोडून द्या. संकटग्रस्त प्रजाती कायद्यातला मोठा दंड 'जाणूनबुजून' केलेल्या उल्लंघनाला आहे हे खरं, पण जाणायचं ते वस्तुस्थितीबद्दल, कायद्याबद्दल नव्हे. जहाज कुठे आहे आणि किती वेगाने चाललं आहे हे ब्रिजवर माहीत होतं, एवढं पुरतं. शिवाय क्षेत्रं अमेरिकी 'कोस्ट पायलट' या नौकानयन मार्गदर्शिकेत छापलेली असतात आणि ३०० टनांवरच्या जहाजांना व्हेल क्षेत्रात शिरताना अहवाल पाठवण्याची सक्ती १९९९पासून आहे.

खरा बचाव एकच, आणि नियमातच तो दिला आहे: सुरक्षित हाताळणीसाठी वेग वाढवावा लागणं. त्याच्या अटी मोजून घ्या. समुद्राची, प्रवाहाची किंवा हवामानाची परिस्थिती अशी हवी की जहाजाची हालचाल गंभीरपणे आखडली आहे. तेवढा वेग आवश्यक होता याला जहाजावरच्या पायलटने (बंदराजवळ चढणाऱ्या स्थानिक वाटाड्याने), पायलट नसेल तर मास्टरने, म्हणजे कॅप्टनने, दुजोरा दिलेला हवा. आणि लॉगबुकात कारण, वेग, अक्षांश-रेखांश, वेळ आणि कालावधी ही नोंद हवी. मास्टरने खाली सही करून तारीख घालायची. वेगही त्या परिस्थितीला लागेल तेवढाच. ११ नॉटला जहाज सुकाणूला दाद देत होतं तर १४ नॉटचं समर्थन होत नाही.

बहुतेक प्रकरणं याच नोंदीपाशी पडतात, आणि पडण्याचे प्रकार ठरावीक आहेत. नोंदच नसते. किंवा असते ती प्रत्येक फेरीत शब्दशः तीच, रबरी शिक्का मारल्यासारखी: 'खराब हवामान, सुरक्षेसाठी वेग वाढवला.' सहा महिन्यांच्या लॉगमध्ये तेच वाक्य बारा वेळा दिसलं की न्यायाधीश काय समजायचं ते समजतो. किंवा नोंदीत वादळ आणि बाहेर पाणी सपाट. लक्षात घ्या, हवामान मोजणाऱ्या बोयांचं, म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या उपकरणांचं, जाळं नोआचंच आहे. त्या तासाला वारा किती, लाट किती, हे त्यांना शेजारच्या विभागातून मिळतं. किंवा नोंदीची वेळ एआयएसच्या मागाशी जुळत नाही: वेग क्षेत्रात शिरण्याआधीपासूनच १३ होता, शेवटपर्यंत १३च राहिला, आणि 'अडचण' मात्र २० मिनिटांची. पायलटच्या दुजोऱ्याचा उल्लेख असतो, पण पायलट त्या वेळी अजून चढलेलाच नसतो, हेही घडतं. बर्थची वेळ गाठणं, भरती पकडणं, चार्टररचा दबाव या गोष्टी कारणांत बसतच नाहीत. त्या लिहिल्या तर उलट हेतू सिद्ध होतो.

चांगली नोंद कशी दिसते, नमुन्यादाखल: '०४१० ते ०४३६, सुरुवातीचं आणि शेवटचं स्थान अमुक. ईशान्येचा वारा ३८ नॉट, लाट डाव्या बाजूने. ९.५ नॉटला जहाज २० अंश सुकाणू देऊनही रोख धरत नव्हतं. वेग ११.८ नॉटपर्यंत वाढवला. पायलट ब्रिजवर, त्याने गरज मान्य केली. ०४३६ला आडोशात आल्यावर वेग पुन्हा ९.८.' पाच ओळींत सगळं आहे, आणि वेग परत उतरवल्याचं वाक्य त्यातलं सर्वात मोलाचं. अडचण संपताच मर्यादा पाळली, हे त्यावरून दिसतं.

नोंद नसेल तर ती आता लिहू नका. ही सूचना सौम्य शब्दांत देण्यासारखी नाही. दिवाणी दंडाचं प्रकरण मागाहून घातलेल्या एका ओळीने फौजदारी बनतं. २००७मध्ये मेक्सिकोच्या आखातात एका मासेमारी कॅप्टनकडे २० इंचांपेक्षा लहान असे ७२ रेड ग्रूपर सापडले. मूळ बाब दिवाणी दंडाची. ते मासे समुद्रात टाकून दिल्याच्या आरोपावरून तो पुरावा नष्ट करण्याच्या गुन्ह्यात अडकला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१५मध्ये तो पाच विरुद्ध चार मतांनी त्या कलमातून सुटला, कारण मासा हा त्या कलमातल्या अर्थाने नोंद साठवणारी वस्तू नव्हे. लॉगबुक तशी आहे. त्याला ती पळवाटसुद्धा नाही.

सुनावणी मागितली तर पुढे काय? अर्ज लेखी, सही-तारखेसह, नोटिशीची प्रत किंवा प्रकरण क्रमांक जोडून. तो नोआच्या वकिलांकडे जातो आणि ते तो न्यायाधीशांच्या कार्यालयाला पाठवतात. न्यायाधीश दोन्ही बाजूंना एक प्राथमिक निवेदन मागतो: घटना काय, मुद्दे कोणते, साक्षीदार कोण आणि प्रत्येक जण काय सांगेल, कागदपत्रं कोणती, बचाव कोणते. हे निवेदन म्हणजे उपचार नव्हे. यात न आलेला साक्षीदार किंवा कागद नंतर आत आणणं अवघड जातं. जहाजावरचे लोक तोवर करार संपवून रत्नागिरीला किंवा मनिलाला घरी गेलेले असतात, म्हणून त्यांचे पत्ते आणि जबाब नोटीस आली त्याच आठवड्यात गोळा करा. दूरच्या साक्षीदाराची साक्ष व्हिडिओवर घ्यायची असेल तर तसा अर्ज आधी करा, आयत्या वेळी नव्हे. सुनावणीला गैरहजर राहिलात तर नोटिशीतली विधानं खरी धरून एकतर्फी निकाल होऊ शकतो. तडजोडीच्या बोलण्यांत दिलेला आकडा न्यायाधीशापुढे पुरावा म्हणून येत नाही, तेव्हा बोलणी करायला भिऊ नका.

दंडाचं गणित नोआच्या जाहीर धोरणात आहे. एका बाजूला उल्लंघनाचं गांभीर्य, दुसऱ्या बाजूला मनःस्थितीचे चार टप्पे: अनवधान, निष्काळजी, बेफिकीर, हेतुपुरस्सर. दोन्ही जिथे भेटतात त्या चौकटीत आकड्यांची मर्यादा असते. त्यावर आधीच्या नोंदी आणि घटनेनंतरची वागणूक यांनी वर-खाली, आणि बेकायदा मिळवलेला फायदा वेगळा. न्यायाधीशावर हे धोरण बंधनकारक नाही, पण तो ते समोर ठेवतो. म्हणून युक्तिवादाची खरी जागा बहुधा ती मनःस्थितीची ओळ असते. 'बेफिकीर'चं 'निष्काळजी' करता आलं तर रक्कम लक्षणीय उतरते. पॅसेज प्लॅनवर क्षेत्र आखलेलं असणं, कंपनीची लेखी सूचना, मास्टरच्या स्टँडिंग ऑर्डर्स इथे कामी येतात. मात्र सूचना उत्तम आणि ब्रिजवर कोणी वाचलीच नाही असं असेल तर दोषाचा रोख कंपनीकडून कॅप्टनकडे वळतो.

कायद्यातली कमाल रक्कम दरवर्षी महागाईनुसार वाढते. संकटग्रस्त प्रजाती कायद्यातली मूळ २५ हजार डॉलरची मर्यादा आता ६० हजारांच्या वर गेली आहे, सागरी सस्तन प्राणी कायद्यातली १० हजारांची ३० हजारांच्या वर. मासेमारीच्या मॅग्नसन-स्टीव्हन्स कायद्यात आणि सागरी अभयारण्यांच्या कायद्यात एक लाखाची मर्यादा दोन लाखांपलीकडे आहे. ही मर्यादा प्रत्येक उल्लंघनाला असते. जाताना एक आणि येताना एक मोजलं की दुप्पट. ऐपत नसल्याचा मुद्दा घ्यायचा तर पडताळता येतील असे हिशेब सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी द्यावे लागतात. ते दिले नाहीत तर ऐपत आहे असंच धरतात. जहाज कंपनीने हा मुद्दा घेण्यात अर्थ नाही. कॅप्टनने स्वतंत्रपणे घेतला तर आहे.

तिघांवर संयुक्त जबाबदारी आहे, आणि कॅप्टनने नीट वाचायचा भाग हा. एकाने सुनावणी मागितली की ती सगळ्यांची मागणी धरली जाते, म्हणून कॅप्टन निर्धास्त राहतो. पण मागणी करणाऱ्या कंपनीने नंतर तडजोड केली, तर उरलेल्याला नोआकडून सूचना येते आणि त्याने ठरलेल्या मुदतीत स्वतःहून सुनावणी मागावी लागते. नाही मागितली तर प्रकरण सुनावणीच्या यादीतून उतरतं आणि दंड त्याच्या गळ्यात. दुसरीकडे, सुनावणी झाली तर निकाल हजर नसलेल्यालाही बांधतो. कंपनी तडजोड करत असेल तर करारात कॅप्टनचं नाव आणि त्याच्यावरचा दावा संपल्याचं वाक्य आहे का, हे सही होण्याआधी पाहा. कंपनीचा वकील कॅप्टनचाही आहे का, हेही लेखी विचारा.

सर्टिफिकेटबद्दल: नोआचा दंड दिवाणी आहे. भारतीय सक्षमता प्रमाणपत्र डीजी शिपिंग, म्हणजे भारताचं नौवहन महासंचालनालय, देते आणि ते काढून घेण्याचा अधिकार नोआला किंवा एएलजेला नाही. मासेमारी परवाने नोआच देते, म्हणून तिथे परवाना निलंबनही होतं. व्यापारी जहाजाला ते लागू नाही. पुढच्या वेळी मात्र आधीचं उल्लंघन म्हणून हे मोजलं जाईल. आणि पुढची कंपनी नोकरीच्या अर्जात विचारेल, तो वेगळा प्रश्न.

निकाल विरोधात गेला तर न्यायाधीशाकडे फेरविचाराचा अर्ज २० दिवसांत, नोआच्या प्रशासकाकडे पुनर्विलोकनाचा अर्ज ३० दिवसांत. प्रशासकाने तो ऐकलाच पाहिजे असं नाही. काहीच झालं नाही तर ६० दिवसांनी निकाल अंतिम. त्यापुढची वाट कायद्यानुसार बदलते. मासेमारी कायद्यात अंतिम आदेशापासून ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात जाता येतं. संकटग्रस्त प्रजाती कायद्यात दंड भरला नाही तर सरकार वसुलीला न्यायालयात येतं आणि तिथे त्याच नोंदींवर तपासणी होते. दोन्हीकडे नवा पुरावा नाही. नोंदीत निकालाला पुरेसा आधार आहे का, एवढंच पाहिलं जातं. एएलजेपुढे जे मांडलं नाही ते पुढे कुठेच मांडता येत नाही.

घटनात्मक हरकतींचंही तसंच. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या 'लुशिया' निकालानंतर एएलजेची नेमणूक खात्याच्या प्रमुखाने केलेली असावी लागते. जून २०२४च्या 'जार्कसी' निकालाने रोखे आयोगाच्या फसवणूक-दंडासाठी ज्यूरीचा हक्क मान्य केला आणि आता इतर खात्यांच्या दंडांविरुद्धही तोच युक्तिवाद होतो. फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकी न्याय खात्याने एएलजेंना पदावरून काढण्यावरच्या अनेक थरांच्या संरक्षणाचं समर्थन थांबवलं. 'जार्कसी'च्या दुसऱ्याच दिवशी खात्यांच्या अर्थ लावण्याला झुकतं माप देणारा ४० वर्षांचा शेवरॉन सिद्धांत मोडला गेला, आणि तो खटला हेरिंग पकडणाऱ्या बोटींचा, नोआच्याच निरीक्षक-खर्चाच्या नियमावरचा होता. या हरकती घ्यायच्या तर पहिल्याच उत्तरात, एका परिच्छेदात घ्या. त्यांच्यावर सगळा डाव लावू नका. वेग १३ नॉट होता हे त्यांनी बदलत नाही.

मग लढावं का? लॉगमध्ये वर दिलेल्या प्रकारची नोंद असेल आणि बोयांची आकडेवारी तिला दुजोरा देत असेल, तर जरूर, आणि तेव्हा बरेचदा बोलणीतच दंड उतरतो. नोंद नसेल आणि माग क्षेत्राच्या मध्यातून असेल, तर सुनावणीचा अर्ज हक्क राखण्यापुरता टाका आणि मनःस्थितीच्या टप्प्यावर तडजोड करा. अमेरिकी वकिलाची तासाची फी आणि तुमचा दंड शेजारी लिहून पाहिले तर निर्णय सोपा होतो. पी अँड आय क्लबला पहिल्याच दिवशी कळवा. दंड त्यांच्या नियमांत बसतो का हा प्रश्न नंतरचा, उशिरा कळवल्याची सबब त्यांना देऊ नका.

पुढच्या फेरीसाठी एक व्यवस्था मात्र आजच लावा. नोआकडे कारवाईला पाच वर्षं असतात. नव्या व्हीडीआरच्या, म्हणजे जहाजाच्या 'ब्लॅक बॉक्स'च्या, दीर्घकालीन माध्यमात ३० दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं, जुन्यात १२ तासांचं. इसीडिस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नकाशा यंत्रणा, मिनिटामिनिटाची नोंद शेवटच्या १२ तासांचीच ठेवतं. मोसमी क्षेत्रात १० नॉट ओलांडले गेले तर धक्क्याला लागताच व्हीडीआर सेव्ह करायचं, इसीडिसचा माग उतरवायचा, बेल बुक (इंजिनाला दिलेल्या हुकमांची वही), इंजिनाच्या डेटा लॉगरची प्रिंट, मास्टर-पायलट माहितीपत्रक आणि त्या तासाचं हवामान एका पाकिटात घालून कार्यालयात पाठवायचं आणि पाच वर्षं ठेवायचं. पायलटचं नाव त्या पाकिटावर बाहेरच लिहा. दीड वर्षाने तेच सगळ्यात आधी शोधावं लागतं.